गंज ते मोंढा : दुकानामागचं घर

मागच्या महिन्यात आपण बचत गटाच्या वह्या कशा लिहायच्या यावर बोललो होतो. तो कार्यक्रम ऐकून एका ताईंनी फोन केला. म्हणाल्या, "आमच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, ऐंशी वर्षांची परंपरा. पाटीवर आजेसासऱ्यांचं नाव आहे, खाली नातवांची आहेत. मग या ऐंशी वर्षांत आमच्या सासूबाई अन् आजेसासूबाई काय करत होत्या?"

हा प्रश्न काही आमच्या डोक्यातून जाईना. म्हणून माघ महिन्यात आम्ही पाचजणींनी एक जीप ठरवली आणि तीन दिवस फिरलो, लातूरपासून नांदेडपर्यंत. जुनी दुकानं पाहिली, जुनी शेतं पाहिली, तेलाचे घाणे पाहिले. सगळीकडं चहा मिळाला, बोलणंही भरपूर झालं. पण बहुतेक बायका म्हणाल्या, "आमचं नाव नका सांगू रेडिओवर." म्हणून आजच्या बोलण्यात गावांची नावं आहेत, घरांची नाहीत.

सुरुवात केली लातूरच्या गंजगोलाईपासून. मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि चहूकडून येऊन मिळणारे १६ रस्ते. कुठल्या रस्त्यावर सोनं, कुठल्या रस्त्यावर चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. ही गोलाई १९१७ सालची. तिचा आराखडा फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकारांनी केला होता. त्या आधी सहा वर्षं, म्हणजे १९११ साली, बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोचली होती. अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी. पण तिच्यामुळं लातूरचं धान्य, तेलबिया आणि कापूस थेट बार्शी-कुर्डुवाडीकडं जाऊ लागला आणि लातूरचा गंज वाढला.

तेव्हा बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती आणि लातूर निजामाच्या. मधल्या नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. पैसाही वेगळा होता. इकडं हाली शिक्का, तिकडं कलदार. साधारण सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. व्यापाऱ्याला दोन राज्यांचा हिशोब डोक्यात ठेवावा लागे. आडतीत भाव ठरायचा तो रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून. ज्या शेतकऱ्याचा माल, त्यालाच आकडा कळत नसे. १९३० साली हैदराबाद संस्थानात बाजाराचा कायदा झाला आणि हळूहळू उघड लिलाव सुरू झाला. हा सगळा इतिहास पुस्तकांत सापडतो. त्यात बाई मात्र कुठं दिसत नाही.

ती आम्हाला दिसली गोलाईजवळच्या एका मसाल्याच्या दुकानात. खरं तर दुकानामागच्या घरात. तिथल्या सूनबाईंनी आम्हाला १९५८ सालची लाल कापडी वही दाखवली. एका पानावर आणे, दुसऱ्या पानावर नवे पैसे, कारण नवी नाणी नुकतीच आली होती. मिरची किती घेतली, धणे किती, हमाली किती, सगळं लिहिलेलं. या दुकानाचं येसर लातुरात प्रसिद्ध. येसर म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, त्यात धणे, जिरं, खोबरं, मिरची घालून दळायचं, आणि लग्नघरात अचानक पन्नास पानं वाढली तरी आमटी पुरवायची. हे भाजणं आणि कांडणं आजेसासूबाई मागच्या पडवीत करत. सोबत गल्लीतल्या तीन-चार बायका असत. आम्ही ती वही पान-पान चाळली. हमालाची मजुरी आहे, बैलगाडीचं भाडं आहे, दिव्याचं तेलसुद्धा आहे. भाजणीची मजुरी एकाही पानावर नाही.

"प्रमाण कुठं लिहिलंय?" आम्ही विचारलं.

"लिहिलंय कुठलं माय," त्या म्हणाल्या. "सासूबाईंच्या ओंजळीत होतं. त्या गेल्या तेव्हा दोन वर्षं चव बिघडली होती आमची. गिऱ्हाईक तुटलं होतं. मग मी अंदाजानं करत करत परत आणली."

म्हणजे एवढं जुनं दुकान दोन वर्षं डगमगलं ते एका ओंजळीसाठी.

दुसऱ्या दिवशी निलंगा तालुक्यात गेलो. बोरसुरीची तूर डाळ आणि पानचिंचोलीची चिंच या दोघींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या जिल्ह्याच्या कास्ती कोथिंबिरीलाही त्याच वेळी मिळालं. मानांकन म्हणजे त्या मालाची चव आणि गुण त्या मातीशी जोडलेले आहेत, ते नाव दुसऱ्या मुलखाच्या मालाला लावता येणार नाही, असा सरकारी शिक्का. अभिमानाची गोष्ट आहे.

आम्ही गेलो त्या शेतात तूर नुकतीच निघाली होती. घरची डाळ अजून जात्यावर भरडतात. तुरीला तेल-पाणी चोळायचं, ढीग करून झाकून ठेवायचं, उन्हात चांगली वाळू द्यायची, मग जात्याचं तोंड जरा सैल ठेवून भरडायची. सूप हातात घेतलं की टरफल एकीकडं, डाळ एकीकडं, चुणी खाली. चुणी म्हशीला. घाई करून ओलसर भरडली तर डाळीचा चुरा होतो, फार वाळली तरी फुटते. हे सगळं हाताला कळतं.

त्या घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी १९७२ च्या दुष्काळाचं सांगितलं. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, रेशनवर मिळालेल्या लाल मिलोची भाकर करायची. "पोरं भुकेनं रडू लागली," आजी म्हणाल्या. "उतरंडीच्या तळच्या मडक्यात बियाची तूर होती. राख घालून ठेवलेली. मी म्हटलं, मामी, शिजवू का थोडी? सासूनं मडक्यावर हात ठेवला. म्हणाली, हे खाल्लं तर पुढल्या साली काय पेरशील? दोन दिस आमच्यात बोलणं नव्हतं. पण बी राहिलं बघा."

आम्ही गप्प बसलो. मानांकनाच्या कागदावर मातीचं, पावसाचं, चवीचं वर्णन असतं. मडक्यावर ठेवलेल्या त्या हातासाठी तिथं रकाना नाही.

पानचिंचोलीत चिंचेचा हंगाम चालू होता. अंगणात बायका गोल करून बसल्या होत्या. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, ठोकून चिंचोका वेगळा करायचा. मजुरी किलोवर. बोटं आंबटानं सोलून निघतात. लातूरच्या बाजारात या चिंचेला दूरदूरचे व्यापारी येतात. पण फोडलेल्या चिंचेला न फोडलेल्या चिंचेपेक्षा जो जास्तीचा भाव येतो, तो या बोटांचा असतो.

तिथून औसा तालुक्यात किल्लारीला गेलो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्याकडं कुणाला सांगावी लागत नाही. ५२ गावं पूर्णपणे दुसऱ्या जागी वसवली गेली. माणसं गेली त्या दुःखापुढं बाकी कशाची मोजदाद नाही. तरी एक गोष्ट सांगतो. जुन्या दगड-मातीच्या वाड्यांत भिंतीत बळद असायचं, अंगणात पेव असायचं. वर्षाचं धान्य आणि बियाणं त्यात राहायचं. त्या भिंती पडल्या, त्यांच्याखाली उतरंडीही गेल्या. नव्या घरात बळद नव्हतं. एक मावशी म्हणाल्या, "पुढल्या पेरणीला पहिल्यांदा बी विकत आणलं. त्याच्या आधी बी आणायला दुकानात जातात हेच माहीत नव्हतं." पुढं सोयाबीन आलं आणि घरच्या बियाची सवय आणखी सुटली. सोयाबीननं हातात रोख पैसा दिला, ते नाकारायचं नाही. पण चुलीला लागणारं सगळं मग दुकानातून आणायचं झालं.

याच भूकंपानंतरच्या कामातून इथं बायकांचे गट उभे राहिले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं एक एकराचं काम त्यातलंच. घरच्या जमिनीतला एक एकर बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात डाळी, भाज्या, ज्वारी असं घरी खायचं पेरायचं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा कमी पाण्यावर येणाऱ्या या जुन्या पिकांचं मोल पुन्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी देवणी, उदगीर करत कंधारला गेलो. देवणी आणि लाल कंधारी ही आपल्या मुलखाची गुरं. देवणीत पांढरा बालंक्या, तोंड काळं असलेला वानेरा आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा शेवेरा. लाल कंधारी गडद तांबडी, उन्हाला टिकणारी. लोह्याजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथं फेटा बांधला जातो तो मालकाला. कंधारजवळच्या एका गोठ्यात आम्ही विचारलं, गोऱ्हा लहान असताना त्याचं कोण करतं? मालक हसले आणि घराकडं बोट दाखवून म्हणाले, "हिलाच विचारा. मला तर तो जवळ येऊ देत नव्हता."

संध्याकाळी नांदेडला पोचलो. लातूरला धान्याच्या बाजाराला गंज म्हणतात, नांदेडला मोंढा. १९०० च्या आसपास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे नांदेडवरून गेली आणि गोदाकाठचा हा मोंढा कापसानं भरला. इथला गावरानी कापूस तेव्हा नावाजलेला होता. जुन्या मोंढ्याच्या बाजूला आम्ही एक तेलाचा घाणा पाहिला. पूर्वी बैल फिरायचा, आता मोटर आहे, लाकूड तेच. करडईचं तेल निघतं. करडई काटेरी, काढणीला माणूस मिळत नाही, म्हणून पेरा कमी झालाय. तरी चव माहीत असलेलं गिऱ्हाईक अजून येतं.

हा घाणा एक ताई चालवतात. मालक गेले त्याला सहा वर्षं झाली. दुसरा घाणा घ्यायचा म्हणून त्या एका बँकेत कर्जाला गेल्या. साहेबांनी कागद मागितले. जागा सासऱ्यांच्या नावे, परवाना नवऱ्याच्या नावे. "तुमचा धंद्याचा अनुभव किती?" साहेबांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "बावीस वर्षं." साहेब म्हणाले, "त्याचा कागद?" तो नव्हता. कर्ज मिळालं नाही.

मैत्रिणींनो, फोन करणाऱ्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथं मिळालं. त्या ऐंशी वर्षांत सासूबाई आणि आजेसासूबाई भाजत होत्या, भरडत होत्या, बी राखत होत्या, चव राखत होत्या. काम सगळं झालं, नोंद झाली नाही. आणि नोंद नसली की मान नाही मिळत एवढंच नाही, कर्जही मिळत नाही.

आपल्याकडं याची वाट आधी दाखवलेली आहे. १९८९ च्या सुमारास शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या पुढाकारानं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावी नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला कायद्यानं आला. वाट आहे, चालायचं बाकी आहे.

म्हणून या आठवड्यात तीन कामं करू या. घरात एखादी म्हातारी असेल तर तिच्या ओंजळीतलं प्रमाण वाटी-चमच्यानं मोजून वहीत लिहा आणि वर तिचं नाव लिहा. आपल्या सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर आणि दुकानाच्या परवान्यावर कुणाकुणाचं नाव आहे ते एकदा वाचून बघा. आणि धंद्याच्या वहीत आपल्या कामाची मजुरी रोज मांडा, ती कुणी हातात देवो न देवो.

त्या घाण्यावरच्या ताईंनी आता वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्यांनी आपलं नाव लिहिलं, त्याच्या वर सासूबाईंचं. परवाना आपल्या नावे करायचा अर्जही दिलाय. पुढं काय होतं ते आम्ही तुम्हाला सांगूच. तुमच्या घरच्या वहीत काय सापडलं, ते आम्हाला जरूर कळवा.