पॅसेज आणि वहिवाट

फ्लॅटमध्ये दिवाणखान्यातून आतल्या खोल्यांकडे जाणारी जी चिंचोळी जागा असते, तिला आपण पॅसेज म्हणतो. ‘पॅसेजमधला दिवा घालव’ हे वाक्य बोलताना आपण परका शब्द वापरतोय असे कुणाला वाटतही नाही. वाड्यात याच जागेला बोळ म्हणत. शाळेच्या इंग्रजीच्या पेपरात हाच शब्द वेगळ्या रूपात भेटतो: पॅसेज वाचा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा. तिथे त्याचे मराठी होते उतारा. बोटीने विलायतेला जाण्याच्या काळात पॅसेज म्हणजे बोटीवरची जागा आणि तिचे भाडे. अटलांटिक महासागरापार गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या प्रवासाला इतिहासात ‘मिडल पॅसेज’ म्हणतात आणि तिथे याच शब्दाचा उच्चार जड होतो.

मूळ लॅटिन शब्द ‘पासुस’. त्याचा अर्थ पाऊल. त्यावरून पाऊल टाकणे, ओलांडणे, पार होणे असे अर्थ वाढत गेले आणि फ्रेंचमार्गे पॅसेज इंग्रजीत आला. पास, पासपोर्ट, पॅसेंजर ही सगळी त्याच घरातली मंडळी. आपल्याकडेही पाऊलवाट हा शब्द पावलातूनच निघाला. त्याहून नवल उताऱ्याचे आहे. नदी जिथे पायी ओलांडता येते तो उतार, ओलांडणारा तो उतारू, आणि पुस्तकातून उतरवून घेतलेला मजकूर तो उतारा. नदी पार करणे, प्रवासी आणि मजकुराचा तुकडा हे तीन अर्थ इंग्रजीने ‘पॅसेज’भोवती गोळा केले, मराठीने ‘उतरणे’भोवती. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता हे केले.

‘पॅसेज’चा आणखी एक अर्थ मात्र आपल्या उंबऱ्यावरच ठरला. भिलाड स्टेशनला उतरून सिल्वासाच्या रस्त्याला लागलात की नरोली येते. गुजरात संपतो, केंद्रशासित प्रदेश सुरू होतो, आणि पुढे दमणगंगा ओलांडली की सिल्वासा. २८ जुलै १९५४ रोजी नरोली पोर्तुगिजांच्या हातून सुटली. दादरा आधीच, २१-२२ जुलैला मोकळे झाले होते. या सगळ्या मोहिमेत आझाद गोमंतक दलाचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण होते, त्यांच्यात गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. पावसाळ्याचे दिवस, नदीला पूर. सिल्वासाहून शिपायांची कुमक येणे शक्य नव्हते. नरोलीच्या पोलीस चौकीने शरणागती पत्करली. २ ऑगस्टला सिल्वासाही हाती आले.

पोर्तुगालची अडचण नकाशावर बघितली की लगेच कळते. दमण समुद्रकाठी, आणि दादरा व नगर हवेली आत, चारही बाजूंनी भारताने वेढलेली. दादरा आणि नगर हवेली यांच्या मध्येसुद्धा भारताची जमीन. दमणच्या गव्हर्नराला आपल्याच गावांत जायचे तर परक्या मुलखातून जावे लागणार. भारताने वाट बंद केली आणि डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दाव्याचे नाव ‘राइट ऑफ पॅसेज ओव्हर इंडियन टेरिटरी’. भारताची बाजू मांडणाऱ्यांत ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड होते. भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून पीठावर महम्मद करीम छागला बसले, ते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती.

पोर्तुगालचा पहिला आधार होता पुण्याच्या पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला तह. त्या तहाने पोर्तुगिजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे द्यायची ठरली. ती गावे १७८३ आणि १७८५ मध्ये प्रत्यक्ष मिळाली. पोर्तुगालचे म्हणणे असे की गावे दिली म्हणजे राज्य दिले, आणि राज्य दिले म्हणजे तिथे जायची वाटही दिली. न्यायालयाने मराठ्यांचे कागद तपासले. मराठ्यांना जिथे सार्वभौम सत्ताच द्यायची असे तिथे ते तसे स्पष्ट शब्द घालत. या कागदांत तसे शब्द नव्हते. जे होते ते जहागिरीचे, सरंजामाचे, म्हणजे वसुलाचा हक्क. पेशव्यांच्या दफ्तरातला शब्दांचा काटेकोरपणा पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये कामाला आला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुढे मराठी राज्य गेले. नव्याने आलेल्या इंग्रजांनी मात्र पोर्तुगिजांची तिथली सत्ता मान्य करून टाकली, म्हणून १९५४ पर्यंत ती टिकली.

दुसरा आधार जास्त जवळचा आहे. इंग्रज आल्यापासून १९५४ पर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ, पोर्तुगीज अंमलदार, सामान्य माणसे आणि माल दमणहून दादरा-नगर हवेलीत जात-येत होता. कोणी अडवत नव्हते. भारत म्हणाला, अशी प्रथा दोनच राज्यांत कशी तयार होईल? न्यायालय म्हणाले, का नाही? दोघांनी इतका काळ एकसारखी पाळलेली रीत दोघांवर बंधनकारक होते.

हे वाचताना गावाकडच्या कोणालाही आपला बांध आठवेल. मागच्या शेतात जायला पुढच्याच्या बांधावरून वाट असते. वर्षानुवर्षे तिच्यावरून बैल, नांगर, खताची गाडी जाते आणि गवतात चाकांच्या दोन चाकोऱ्या उमटलेल्या असतात. एके दिवशी पुढचा तिथे काटेरी कुंपण घालतो. मागचा तहसील कचेरीत जातो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज करतो. हा अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. अर्जातला शब्द कायम एकच असतो: वहिवाटीचा रस्ता.

वहिवाट हा मराठीचा फार मोठा शब्द आहे. त्यात वाहणे ऐकू येते आणि वाटही. जमीन कोणाच्या वहिवाटीत आहे असे विचारतो तेव्हा तो ताबा असतो. देवस्थानाचा वहिवाटदार म्हणजे कारभार पाहणारा. ‘आमच्याकडे तशी वहिवाट आहे’ म्हणजे रीत. ताबा, कारभार, रीत आणि रस्ता, चौघांचे मूळ एकच: सतत चालू राहणे. चालली म्हणून वाट झाली, आणि वाट झाली म्हणून हक्क झाला.

बांधाच्या कायद्यात एक बारकावा आहे आणि हेगचा सगळा निकाल त्यावर फिरला असे मला दिसते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून वाट वापरली तर ती मिळते. ‘हक्क म्हणून’ हे शब्द महत्त्वाचे. दर वेळी ‘गाडी नेऊ का?’ असे विचारून गेलात तर पन्नास वर्षांनीसुद्धा ती शेजाऱ्याची मेहेरबानीच राहते. विचारणे म्हणजेच आपला हक्क नाही हे कबूल करणे.

हेगमध्ये हेच घडले. माणसे आणि माल न विचारता जात होते, म्हणून त्यांच्यापुरता वाटेचा हक्क न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य केला, पण भारताच्या नियमन-नियंत्रणाखाली. सशस्त्र सैनिक, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे यांची गोष्ट निराळी होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहापासून दोन्हीकडची फौज दुसऱ्याच्या हद्दीतून जायची तर आधी मागणी करावी लागे. पोर्तुगीज हिंदच्या गव्हर्नर जनरलने १८९१ मध्ये स्वतःच स्वच्छ लिहून दिले होते की पोर्तुगीज सैन्य पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश मुलखातून कधीच जात नाही. मागून मिळालेली वाट हक्काची होत नाही. त्यामुळे हत्यारबंद माणसांना वाट नाही असे ठरले, तेही ८ विरुद्ध ७, म्हणजे एका मताने. आणि जुलै १९५४ नंतर त्या भागात तणाव होता, तेव्हा भारताने वाट रोखली यात भारताने कर्तव्य मोडले नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. निकालाची तारीख १२ एप्रिल १९६०. महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा एकोणीस दिवस होते.

न्यायालयाच्या दोनच भाषा, इंग्रजी आणि फ्रेंच, आणि दोन्हींत शब्द पॅसेजच, फक्त उच्चार वेगळा. पण या शब्दातून एवढेच कळते की कोणीतरी पार जातो. तो विचारून जातो की न विचारता, एकदा जातो की शंभर वर्षे, हे त्यात नाही. ते ‘वहिवाट’ या एका शब्दात आहे. न्यायाधीशांना ‘सातत्याने आणि एकसारखी चाललेली प्रथा’ असे लांबवून सांगावे लागले ते मामलेदाराच्या कारकुनाने चार अक्षरांत लिहिले असते.

मराठीत या दाव्याचे भाषांतर ‘मार्गाधिकार’, ‘गमनाधिकार’, ‘पारगमनाचा हक्क’ असे केले जाते. ते चूक नाही, पण हे कागदावर बेतलेले शब्द आहेत. नरोलीच्या मुक्तीवर, हेगच्या निकालावर मराठीत जे लिहीत आहेत, पाठ्यपुस्तके तयार करत आहेत, कायदा शिकवत आहेत, त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी तिथे ‘वहिवाटीचा हक्क’ लिहा. दमण ते नगर हवेली या वाटेवर नेमके काय ठरले ते वाचणाऱ्याला एका शब्दात कळेल.