जमिनीखालचं बायांचं राज्य

पाताळ म्हटलं की आपल्याला शेषनाग आठवतो, बळीराजा आठवतो. दीडशे वर्षांपूर्वी तिकडे इंग्लंड-अमेरिकेतही पाताळाच्या गोष्टी निघाल्या. पण त्यात राक्षस नव्हते, आपल्याहून पुढारलेली माणसं होती.

बुल्वर लिटन या इंग्रज लेखकाची ‘द कमिंग रेस’ ही कादंबरी १८७१ साली आली. एक अमेरिकन माणूस खाणीतल्या भेगेतून खाली उतरतो. तिथल्या लोकांकडे ‘व्रिल’ नावाची शक्ती असते. गरिबी नाही, चोरी नाही. बाया पुरुषांपेक्षा उंच अन् ताकदीच्या. लग्नाची मागणीही त्याच घालतात. त्यांना पंख लावून उडताही येतं. पण लग्न झालं की बाई आपखुशीनं पंख काढते आणि पलंगावर टांगून ठेवते! आपल्या गटातली हिशेब लिहिणारी हुशार पोरगी लग्न ठरलं की वही दुसरीकडे सोपवते, तेच आम्हाला आठवलं. लेखकाला व्रिल सुचली, पण लग्नानंतर उडणारी बाई काही सुचली नाही.

ती सुचायला बाईच लिहिती व्हावी लागली. मेरी ब्रॅडली लेन यांची ‘मिझोरा’ १८८०-८१ मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात आली, तीही नायिकेच्या नावानं. पृथ्वीच्या पोटातल्या या देशात पुरुषच नाहीत. शिक्षण सगळ्यांना फुकट. आणि स्वयंपाक करणारी बाई म्हणजे शिकलेली रसायनतज्ज्ञ, तिचा मान मोठा. आपल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी हे जरूर ऐकावं. एक गोष्ट मात्र खटकते. तिथं सगळ्या बाया गोऱ्याच. सावळ्या रंगाचे लोक त्यांनी उरूच दिले नाहीत. म्हणजे त्या सुखाच्या देशात तुम्हाआम्हाला जागा नव्हती.

बंगालच्या रुकैया हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज् ड्रीम’ लिहिली, ती मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आली. तिथलं राज्य जमिनीवरचंच. पुरुष घरात पडद्यात, बाया सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, ढगातून पाणी उतरवून घेतात.

आणि आपल्या वऱ्हाडात? ‘मिझोरा’ छापून झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या एका तरुण विधवेला फाशीची शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांनाच दूषणं दिली, तेव्हा त्यांनी लेखणी उचलली. ताराबाईंनी पाताळबिताळ काही रचलं नाही. घरातल्या, देवळातल्या, कचेरीतल्या पुरुषांनाच त्यांनी उभं करून जाब विचारला. प्रती निघाल्या पाचशे, किंमत नऊ आणे.