हंगामी धंदा, बारमाही भाडं

बारामती किंवा इंदापूरच्या बाजारपेठेत फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात शिरलं, की बहुधा दोन संगणक दिसतात. एकावर व्हॉट्सॲप उघडं असतं. गिऱ्हाइकांचे फोटो, नावांच्या याद्या, ‘दादा, मामाचं नाव राहिलं’ असले निरोप त्यावर येतात. दुसरा कोपऱ्यात असतो. त्याच्यावर विंडोज सेव्हन असतं आणि त्याला नेट नसतं. हे काही पैसे वाचवायला केलेलं नाही. नेट मुद्दामच लावलेलं नसतं, कारण त्यावरचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, जुनं कोरलड्रॉ, एकदा कंपनीशी बोललं, तर पुन्हा उघडेल याची खात्री नसते. पेनड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि सगळा धंदा त्या कोपऱ्यातल्या यंत्रावर चालतो.

या कोपऱ्यातल्या संगणकाची वंशावळ बरीच मागे जाते.

लेटरप्रेसच्या काळात छापखान्याची इस्टेट म्हणजे ट्रेडल मशीन आणि अक्षरांचे खिळे. खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे, आणि ते वजनावर विकत मिळत. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. मराठी अक्षराचं देखणेपण त्या घराण्याचं फार देणं लागतं. पुढे तालुक्याच्या गावांतही छापखाने आले. खिळे झिजले की ते पुन्हा वितळवता येत, म्हणजे मोडीतही त्यांना किंमत होती. फाउंड्रीवाल्याला रात्रीतून येऊन खिळ्यांच्या केसला कुलूप लावता येत नव्हतं. त्या दिवसांची फार गोडी गाण्यात अर्थ नाही. जुळाऱ्याचे डोळे जात, बोटं शिशानं काळी होत, आणि लग्नसराईत एकाच वेळी पाच पत्रिका लागल्या की ‘श्री’चे खिळे संपत. पण हत्यार मात्र आपलं होतं.

यंत्र विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं, ही चाल संगणकाच्या धंद्यात पहिल्यापासून आहे. आयबीएम आपली पंचकार्डांची यंत्रं वर्षानुवर्षं फक्त भाड्यानं देई. अमेरिकी सरकारनं खटला भरला, आणि १९५६ च्या समझोत्यानंतर कंपनीला ती विकायलाही लागली. झेरॉक्सचं ९१४ हे यंत्र १९५९ मध्ये आलं, तेही महिना ९५ डॉलर भाड्यानं. ठरलेल्या प्रतींच्या वर छापलं की दर प्रतीमागे वेगळे पैसे, आणि मोजायला यंत्रातच मीटर. आयबीएमनं १९६९ मध्ये सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी केली, तेव्हाही बऱ्याच प्रोग्रामना महिन्याचाच आकार होता. म्हणजे खोक्यातली डिस्क एकदा विकत घ्यायची आणि वापरत राहायचं, हा काळ मधलाच, छोट्या संगणकांबरोबर आलेला. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांची अख्खी पिढी नेमकी त्या मधल्या काळात वाढली आणि तोच जगाचा नियम आहे असं समजून बसली. त्यांना दोष देता येत नाही. मुळात तो करारही मालकीचा नव्हताच, वापराच्या परवान्याचा होता, पण ते बारीक अक्षर कोण वाचतं?

पानं जुळवायचं पेजमेकर १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आलं. ते अल्डस कंपनीचं. १९९४ मध्ये अडोबीनं अल्डसच घेतली. कॅनडातल्या ओटावामधून १९८९ मध्ये कोरलड्रॉ आलं. पण ही दोन्ही इंग्रजीसाठी घडलेली. त्यांच्यात मराठी घालण्याचं काम पुण्यात झालं. सी-डॅक १९८८ मध्ये इथेच उभी राहिली आणि तिनं भारतीय लिप्यांचं तंत्र संगणकात बसवलं. मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीनं छापखान्यांची दारं उघडली. श्री-लिपीबरोबर एक लॉक यायचं. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला ते लावायचं. ते असेल तरच मराठी उमटणार. लॉक हरवलं की दुकान ठप्प. तरी ते लॉक आपल्या खणात असे, दुकान विकताना टेबल-खुर्चीबरोबर नव्या मालकाला देता येई.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपण स्वतः टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या कुलपात अडकण्याची सुरुवात अडोबीनं केलेली नाही. ती घरचीच आहे. त्या काळच्या प्रत्येक मराठी फॉन्ट-पॅकेजची संकेतव्यवस्था वेगळी. एकात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. युनिकोड येऊन रुळेपर्यंत मराठीतली कितीतरी पुस्तकं, अहवाल, अंक अशा फाइलींत पडून राहिले आणि त्यातले बरेच आजही तसेच आहेत. त्या वेळी फारसं कुणी ओरडलं नाही. जो तो आपल्या पॅकेजवर खूश होता.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७, आली २००१ मध्ये. कंपनीनं ते सोडून दिलं, दुकानांनी सोडलं नाही. कोरलचंही तेच: ९, ११, १२, मग तेराला एक्स-३ म्हणायची पद्धत, आणि एक्स-७ पर्यंत येऊन अनेकांची गाडी थांबली. यातल्या किती प्रती रीतसर विकत घेतलेल्या होत्या, हा प्रश्न विचारला की दुकानात हसू पसरतं. सीडी मित्राकडून मित्राकडे जाई. संगणक जुळवून देणाराच ‘सगळं टाकून’ देई. कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमात जाणूनबुजून नकली प्रत वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा सॉफ्टवेअरच्या वर्गणीवरच्या आजच्या चिडीत दोन आवाज मिसळलेले आहेत, आणि ते वेगळे ऐकायला हवेत. ज्यानं कधी दिडकी मोजली नाही त्याच्या तक्रारीचं वजन कमी. पण पोटाला चिमटा घेऊन खरी प्रत घेणारेही होते: मोठे प्रेस, जाहिरातीची कामं करणारे, एमआयडीसीतल्या कारखान्यांना कागदपत्रं पुरवणारे. खरा मार यांनाच बसला.

६ मे २०१३ रोजी लॉस एंजेलिसच्या आपल्या मेळाव्यात अडोबीनं जाहीर केलं, की क्रिएटिव्ह सूट सहानंतर खोक्यातली नवी आवृत्ती येणार नाही. पुढचं सगळं क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये, महिन्याच्या वर्गणीवर. जगभरातून हजारो सह्यांचं निवेदन गेलं. कंपनीनं काही महिन्यांत फोटोग्राफरांसाठी फोटोशॉप आणि लाइटरूमची स्वस्त योजना काढली, मूळ निर्णय मात्र हलला नाही. ऑटोडेस्कनं २०१६ मध्ये तेच केलं, आणि ऑटोकॅडवर नकाशे काढणारी फॅब्रिकेशनची छोटी वर्कशॉपंही त्या जाळ्यात आली. कोरलनं एकरकमी विक्री चालू ठेवली, पण वर्षाच्या मध्ये येणाऱ्या नव्या सोयी वर्गणीदारांना देऊ लागलं. २०१९ मध्ये अडोबीनं क्लाउडच्या काही जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना कळवलं, की आता त्या वापरायचा तुम्हाला परवाना नाही. जानेवारी २०२३ मध्ये पोस्टस्क्रिप्टचे टाइप-१ फॉन्ट ओळखणं त्यांच्या प्रोग्रामांनी सोडून दिलं. जुन्या कामांतली अक्षरं एका अपडेटसरशी परकी झाली. आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं अडोबीवर खटला भरला: ‘वर्षाचा करार, महिन्याला हप्ता’ या योजनेत मध्येच सोडलं तर उरलेल्या रकमेच्या निम्मी वसुली होते, हे गिऱ्हाइकाला नीट दिसू दिलं नाही, असा आरोप.

आता बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांकडे. भाडं हा इथल्या माणसाला अपमान वाटत नाही, कारण इथलं सगळं हिरवेपण भाड्याच्या पाण्यावर उभं आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी १८८० च्या दशकात या माळावर आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यासाठी ब्लॉक पद्धत सुचवली: ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या क्षेत्राला, पाण्याची हमी. आजही हंगाम आला की नमुना नंबर ७ वर अर्ज भरायचा, पाणीपट्टी भरायची, पाटकऱ्याची वाट बघायची. लोक कुरकुरतात ते पाळी चुकली म्हणून किंवा शेवटच्या टोकाला पाणी पोचलं नाही म्हणून. पाणी कालवेवाल्यांचं आहे याबद्दल कुणाचं म्हणणं नसतं. यंदा अर्ज केला नाही तर यंदाचं पाणी नाही, एवढंच. गेल्या वर्षीचा ऊस कुणी परत मागत नाही.

सॉफ्टवेअरचं भाडं यापुढे जातं. वर्गणी थांबली की फोटोशॉप उघडत नाही, इलस्ट्रेटर उघडत नाही, आणि त्यांच्यात केलेली दहा वर्षांची कामं डिस्कवर असूनही हाताला लागत नाहीत. इनडिझाइनची फाइल तर दुसऱ्या कुणाला धड वाचता येत नाही. पाणीपट्टी थकली म्हणून कणगीतलं धान्य जप्त व्हावं, तसा हा प्रकार. माझ्या मते सगळ्या चिडीचं मूळ इथं आहे, रकमेत नाही.

इंदापूर तालुक्याला दुसरीही आठवण आहे, आणि ती उलट्या दिशेची. वालचंदनगरसारखे खासगी साखर कारखाने उभे राहिले तेव्हा शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांनी खंडानं घेतल्या. १९६१ चा सीलिंगचा कायदा आला, १९६३ मध्ये शेती महामंडळ झालं, कारखान्यांचे मळे त्याच्याकडे गेले, आणि मूळ मालक ‘खंडकरी’ म्हणून दोन-तीन पिढ्या मोर्चे काढत राहिले. जमिनी परत मिळायला एकविसावं शतक उजाडलं. मुदतीच्या करारातून आपली चीज परत काढणं किती अवघड असतं, हे या भागाला कुणी शिकवायची गरज नाही.

रकमेचं दुखणंही आहेच, पण ते हंगामाचं आहे. पत्रिकांचं काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं आणि ज्येष्ठात ओसरतं. फ्लेक्सचं काम गणपती, निवडणुका, वाढदिवस. बारामतीत १२ डिसेंबरला शरद पवारांचा वाढदिवस असतो हे दुकानदाराला कॅलेंडर बघून कळत नाही. साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल सभेच्या आधी, पावसाळ्याच्या शेवटी. मधले महिने कोरडे जातात, पण कार्डातून पैसे कोरड्या महिन्यातही कापले जातात. महिन्या-महिन्याला घ्यायची-सोडायची योजना असते, तर ती महाग. वर्षाची घ्यावी, तर मध्ये सोडली की भुर्दंड. जून-जुलैत दुकान निम्मं बंद ठेवणाऱ्या माणसाला हा हिशेब ओटावा किंवा सॅन होजेच्या पगारदारांनी बसवलेला वाटतो, आणि तो वाटतो तसाच आहे. गंमत म्हणजे आर्ट पेपर इंदापूर तालुक्यातच, भिगवणजवळ तयार होतो. त्याला कुणी मासिक वर्गणी लावलेली नाही.

वाटा निघाल्या आहेत. गावोगावची पोरं आता मोबाइलवर पिक्सललॅबमध्ये वाढदिवसाचे बॅनर करतात. ‘पीएलपी फाइल’ टेलिग्रामवर फुकट फिरते, नाव आणि फोटो बदलला की झालं. त्यांना दुकान लागतं ते फक्त छापायला. इंकस्केप २००३ पासून फुकट आहे आणि त्याचं एसव्हीजी स्वरूप सगळ्यांना खुलं आहे. ‘एक टाइप’ या फॉन्टकारांच्या संस्थेनं ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोकळे करून ठेवले आहेत. २०२४ मध्ये कॅनव्हानं ॲफिनिटी घेतलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ते फुकट केलं. फक्त कॅनव्हाचं खातं काढावं लागतं, म्हणजे दाराची किल्ली पुन्हा दुसरीकडेच. कसलेला ऑपरेटर मात्र यातल्या कशालाही पटकन हात लावत नाही. कोरलच्या शॉर्टकटवर त्याची बोटं बसलेली आहेत. अर्ध्या तासात पत्रिका हातात द्यायची असते.

आणि हाच ऑपरेटर गिऱ्हाइकाला काय देतो? जेपीजी, फार तर अक्षरं कर्व्ह केलेली पीडीएफ. ‘ओपन फाइल’, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाइल, मागितली की चेहरा बदलतो. ती दुकानाची, तिचे पैसे वेगळे, आणि बहुतेकदा पैसे देऊनही ती मिळत नाही, कारण ती दिली तर पुढच्या वर्षी काम शेजारच्या दुकानात जाईल. संस्थेनं प्रेस बदललं की अख्खा अहवाल पुन्हा टाइप होतो, पुन्हा तपासला जातो, आणि संचालक मंडळाच्या यादीत एखादं आडनाव नव्यानं चुकतं.