तिराज ते पेशवाईची वस्त्रे : वस्त्रांतून व्यक्त होणारी राजसत्ता

प्रस्तावना

इतिहासलेखनात नाणी, शिलालेख, ताम्रपट व फर्माने यांना प्रथम श्रेणीची साधने मानले जाते. नाशवंत असल्यामुळे वस्त्र हे साधन मात्र उपेक्षित राहिले. मध्ययुगीन इस्लामी जगातील ‘तिराज’ हे अक्षरांकित वस्त्र या संदर्भात महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात तिराजचे स्वरूप स्पष्ट करून, त्यामागील राजकीय संकल्पना मराठ्यांच्या इतिहासात कोणत्या रूपाने आढळते याचा मागोवा घेतला आहे.

तिराज : संज्ञा व स्वरूप

‘तिराज’ हा शब्द फारसीतून अरबीत आला. त्याचा मूळ अर्थ कशिदा असा आहे. पुढे वस्त्रावरील अक्षरपट्टी, ती पट्टी असलेला पोशाख आणि तो तयार करणारा राजकीय कारखाना या तिन्हींसाठी हाच शब्द रूढ झाला. उमय्या काळात दिसणारी ही प्रथा अब्बासी खलिफांच्या काळात स्थिरावली. पट्टीवर ईश्वराचे नाव, खलिफाचे नाव व त्याच्यासाठी शुभचिंतन असे. पुष्कळदा वजिराचे नाव, कारखान्याचे ठिकाण व हिजरी वर्षही असे. इजिप्तमधील तिन्नीस व दमिएत्ता येथे लिननच्या तलम कापडावर रंगीत रेशमाने ही अक्षरे विणली जात. इराकमध्ये रेशमी ताणा व सुती बाणा असलेले ‘मुल्हम’ वापरात होते. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त नाणे व मुद्रा यांच्याबरोबरच तिराजची गणना राजचिन्हांत केली आहे. असे वस्त्र ‘खिलत’ म्हणून स्वीकारणारा सरदार धन्याचे नाव अंगावर वागवीत असे. म्हणजेच वस्त्राचा स्वीकार ही निष्ठेची जाहीर कबुली होती.

दिल्ली व दख्खन

चौदाव्या शतकातील अरबी ग्रंथकार अल्-उमरी याने मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीतील तिराजखान्यात ४,००० रेशीम कारागीर असल्याचे व वर्षाला २,००,००० पोशाख वाटले जात असल्याचे नमूद केले आहे. ही माहिती प्रवाशांच्या कथनांवर आधारलेली असल्याने आकडे जपून घ्यावे लागतात. परंतु प्रथेचे महत्त्व त्यांतून कळते. १३२७ मध्ये देवगिरीस दौलताबाद करणाऱ्या या सुलतानाने स्वतः कैरो येथील अब्बासी खलिफाकडून आलेली खिलत सन्मानपूर्वक स्वीकारली होती. दौलताबादेजवळच्या औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) पुढे हिमरू व मशरू ही रेशीम-सुती वस्त्रे नावारूपास आली. त्यांवर राजनामाऐवजी वेलबुट्टी आहे. अक्षरे लोपली, तरी वस्त्रदानाचा राजकीय अर्थ मात्र टिकून राहिला.

मराठा राज्य व मानाची वस्त्रे

१६६६ मध्ये आग्रा दरबारात शहाजादे, वजीर जाफरखान व जसवंतसिंह यांना खिलती मिळाल्या. शिवाजी महाराजांना मिळाली नाही. महाराजांचा दरबारातील क्षोभ या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. तो केवळ वैयक्तिक मानापमानाचा प्रश्न नव्हता. दरबारातील दर्जाचा निवाडा वस्त्राने होत होता.

मराठा राज्यात हीच प्रथा ‘शिरपाव’ व ‘वस्त्रे’ या नावांनी रूढ झाली. १७२० मध्ये पहिल्या बाजीरावास शाहू छत्रपतींनी पेशवेपदाची वस्त्रे दिली. नारायणरावांच्या १७७३ मधील वधानंतर रघुनाथरावांनी साताऱ्याहून वस्त्रे मिळविली. पुढच्याच वर्षी पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांना अवघ्या चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. अर्भकास ती वस्त्रे परिधान करणे अशक्य होते. परंतु त्यांवाचून कारभाऱ्यांच्या कृतीस वैधता लाभली नसती. प्रत्यक्ष सत्ता पुण्यात, तरी अधिकाराचा उगम साताऱ्यात, हे तत्त्व त्या वस्त्रांनी जपले.

समारोप

तिराजवर सत्ताधीशाचे नाव विणलेले असे. पेशवाईच्या वस्त्रांवर ते नव्हते, तरीही ती कोणाची हे सर्व जाणत होते. दोन्ही ठिकाणी वस्त्र हे अलंकरण नसून अधिकारपत्र होते. म्हणूनच मराठ्यांच्या इतिहासाची साधने अभ्यासताना वस्त्रदानाच्या नोंदी खर्चाच्या बाबी म्हणून न वाचता राजकीय दस्तऐवज म्हणून वाचणे आवश्यक आहे.