अँथनीच्या नावामागची शाळा

'अमर अकबर अँथनी' मी पहिल्यांदा पाहिला तो मोहल्ल्यात भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. एका रात्रीत तीन सिनेमे दाखवायचे, त्यातला हा दुसरा. आम्ही पोरं अर्थातच अकबरवाले. पण अँथनी सगळ्यांनाच आवडायचा. उंच टोपी, काळा कोट, भलंमोठं अंडं फोडून तो बाहेर येतो, काहीच्या बाही इंग्रजी फेकतो आणि आपलं पूर्ण नाव सांगतो. ते आडनाव आमच्या जिभेवर काही बसेना. गोन्साल्विसचं आम्ही काय काय करून टाकलं होतं ते इथे लिहीत नाही. एवढं मात्र नक्की वाटायचं, की असं नाव खरं नसणार. लिहिणाऱ्याने गंमत म्हणून बनवलं असेल.

पुढे मास्तर झालो, वाचायला लागलो, तेव्हा कळलं की तो माणूस होता. अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७, गाव दक्षिण गोव्यातलं माजोर्डा. व्हायोलिनवादक. प्यारेलाल लहान असताना ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते हेच. सांगतात असं, की सिनेमात त्या पात्राचं आडनाव आधी वेगळं होतं, गाण्याच्या चालीत ते बसेना, तेव्हा प्यारेलालजींनी आपल्या उस्तादांचं नाव सुचवलं. १९७७ साली ते नाव पानपट्टीपानपट्टीवर वाजत होतं, पण उस्तादांना सिनेमा सोडून दहा-बारा वर्षं झाली होती.

मला मात्र प्रश्न पडला तो मास्तरचा. माजोर्ड्यासारख्या नारळ-भाताच्या खेड्यातल्या पोराला पाच रेघांवर लिहिलेलं संगीत वाचायला शिकवलं कोणी? आणि हा एकटा नाही. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट, निर्माता म्हणूनही ज्यांनी कोकणी सिनेमे काढले ते फ्रँक फर्नांड. सगळे गोव्याच्या खेड्यांतले. बडोदा, इंदूर, हैदराबाद असली मोठाली संस्थानं सोडून हे वादक एवढ्याशा मुलखातून कसे आले?

उत्तर गावच्या चर्चला लागून असलेल्या प्राथमिक शाळेत आहे.

या शाळांची मुळं सोळाव्या शतकात जातात. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. १५४० नंतरच्या काळात जेझुइट आले, सेंट पॉल कॉलेज उभं राहिलं. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली तिथेच लागला. मग जिथे चर्च तिथे शाळा अशी पद्धत पडत गेली. पोराला प्रार्थना पाठ यायला हवी, धर्माची प्रश्नोत्तरं यायला हवीत, आणि रविवारी मिस्साला, सणाला, मयताला गाणारे गळे हवेत. गाणारे दूर पोर्तुगालहून किती आणणार? म्हणून गावच्याच पोरांना शिकवायचं. शिकवणारा तो 'मेस्त'. मूळ पोर्तुगीज शब्द 'मेस्त्रे', म्हणजे मास्तर. आपल्याकडे भिंत बांधायला येतो तो 'मिस्त्री' याच शब्दाचा भाऊ आहे. (आपण ज्याची वाट बघतो तो 'पगार'ही तिकडूनच आला. भाषेच्या मास्तरला अशी खोड असतेच, माफ करा.)

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर हा लेख नुसता कौतुकाचा होईल. मी मराठी शिकवतो, म्हणून मला ती जास्त टोचते. याच चर्चमधल्या एका इंग्रज जेझुइटाने, फादर थॉमस स्टीफन्सने, मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहिलं आणि ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. चर्चमध्ये ते वाचलं जायचं. म्हणजे ओवीची चाल चर्चच्या आत पोचली होती. आणि त्याच गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयचा हुकूम निघाला, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यात तर लग्नघरातल्या ओव्यासुद्धा बंद. बायका हळदीला जे गातात ते गुन्हा ठरलं. तेव्हा शाळेतून पोरांना मिळालेला सूर हा दुसरे सूर दाबून मिळालेला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि एकीने दुसरी खोडून निघत नाही.

पण शाळा चालायची कशी ते पाहा, कारण ते वाचताना मी माझ्या मक्तबमध्ये जाऊन बसलो.

मेस्त पोराच्या हातात वाद्य देत नसे. आधी 'सोल्फेज'. डो, रे, मी, फा हे सूर कागदावर बघायचे आणि तोंडाने म्हणायचे, हाताने मांडीवर मात्रा मोजायच्या. हे महिनोन्महिने. चुकलं की छडी. लॅटिन प्रार्थना पाठ, अर्थ कोणालाच माहीत नाही. सूर पक्का झाला की मग व्हायोलिन, आणि ते आलं की संध्याकाळच्या लादाइन्यांना घरोघरी जाऊन वाजवायचं. मेस्ताला चर्चकडून, गावाच्या कोमुनिदादीकडून काहीतरी मिळायचं, ते फारसं नसायचं. अँथनीचे वडील माजोर्ड्याच्या चर्चचे असेच मेस्त होते.

आमचा मक्तब मशिदीच्या ओट्यावर भरायचा. फजरनंतर एक तास. नूरानी कायदा, मग सिपारा. अर्थ आम्हालाही माहीत नव्हता. उस्तादांचीही छडी होती, ती कडुनिंबाची. आणि मात्रा आम्हीही मोजायचो! मद आला की आवाज किती 'हरकत' खेचायचा ते उस्ताद बोटं एकेक उघडून दाखवायचे. कुठे थांबायचं, कुठे थांबायचं नाही, कुठे नाकातून गुन्ना काढायचा, या सगळ्याच्या खुणा ओळीत लिहिलेल्या असतात. आवाज किती लांबवायचा आणि श्वास कुठे तोडायचा हे कागदावरून वाचण्याची ही एक विद्याच आहे. सहा-सात वर्षांचं पोर ती शिकतं. माजोर्ड्याचं पोर मांडीवर हात मारत होतं, परभणीचं बोटं उघडत होतं. फरक पुढे पडला.

तो कसा पडला, हे सांगायला मुंबईला जावं लागेल. गोव्यात शेती थोडी, पोर्तुगीज सरकारकडे नोकऱ्या त्याहून थोड्या. एकोणिसाव्या शतकापासून माणसं बाहेर पडली, आगबोटीवर, हॉटेलांत, संस्थानिकांच्या आणि पलटणींच्या बँडमध्ये. मुंबईत धोबी तलावाकडे गावागावाच्या 'कूड' होत्या. कूड म्हणजे गावकऱ्यांची सामायिक खोली. पेटी ठेवायला जागा, झोपायला जागा, भिंतीवर गावच्या संताचं चित्र आणि रोज संध्याकाळी सक्तीने रोजरी. नव्याने आलेला पोरगा स्टेशनवरून थेट आपल्या गावच्या कुडीत. तिथे कोणीतरी सांगणार, अमक्या हॉटेलात व्हायोलिनवाला हवाय. मूकपटांच्या थिएटरात पडद्यापुढे बसून वाजवायलाही माणसं लागायची. १९३१ मध्ये 'आलमआरा' आला, सिनेमा बोलू लागला आणि ते काम गेलं. मात्र दहाएक वर्षांतच त्याच सिनेमाला गाण्यांसाठी मोठा वाद्यवृंद लागायला लागला.

अडचण अशी होती. संगीतकार मोठे, चाली अफाट, पण बहुतेकांचं संगीत कानावर शिकलेलं. पाच-सहा जणांना चाल तोंडी सांगता येते. चाळीस-पन्नास जणांना कशी सांगणार? त्यात तेव्हा गाणारे आणि वाजवणारे सगळे एकाच वेळी रेकॉर्ड व्हायचे. शेवटच्या कडव्यात मागच्या रांगेतला एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मग संगीतकार पेटीवर चाल म्हणणार, गोव्याचा अरेंजर ती पाच रेघांवर उतरवणार, मधले तुकडे भरणार, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद करणार, आणि समोर बसलेला व्हायोलिनवाला तो कागद आयुष्यात पहिल्यांदा बघून लगेच वाजवणार. हे ज्याला येतं त्यालाच काम. आणि ते ज्यांना लहानपणीच छडी खाऊन आलेलं होतं अशी माणसं गोव्याच्या गावागावात होती.

अँथनी १९४३ मध्ये मुंबईत आले, सोळा वर्षांचे. नौशादसाहेबांच्या वाद्यवृंदात लागले. लखनौचा नौशाद अली आणि माजोर्ड्याचा अँथनी एका खोलीत बसून काम करत होते, तेव्हा मनमोहन देसाईंनी अजून एकही सिनेमा काढलेला नव्हता. सी. रामचंद्र तर आपल्या पुणतांब्याचे. भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ चा, त्यात चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन स्वतः पडद्यावर दिसतात. ती माणसं पडद्यावर दिसायची ती अशी चुकूनमाकून. एरवी पाट्यांवर वादकांची नावं येत नसत. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने पुढे म्हाताऱ्या वादकांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या, म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं.

अँथनींना स्वतःला सिनेमापेक्षा जास्त काही करायचं होतं. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र बसवायचा. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात आपल्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. तो फार चालला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेला, सिराक्यूज विद्यापीठात गेले. नंतर माजोर्ड्याला परतले आणि तिथेच २०१२ च्या जानेवारीत वारले.

बीएडला आम्हाला पाठ टाचण काढायला शिकवलं. प्रत्येक पाठाचं उद्दिष्ट लिहायचं. माजोर्ड्याच्या मेस्ताने लिहिलं असतं, 'विद्यार्थी मिस्साच्या वेळी सुरात गाऊ शकेल.' बस्स. नौशादचा वाद्यवृंद त्याच्या टाचणात कुठेच नसता. मला हे राहून राहून आठवतं, कारण मी रोज टाचणं काढतो. आणि मुलींचं उद्दिष्ट तर त्याने बहुधा लिहिलंच नसतं. स्टुडिओतल्या त्या रांगांमध्ये गोव्याच्या बायका जवळपास नव्हत्याच.

१९६१ ला पोर्तुगीज गेले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. चर्चच्या शाळा राहिल्या, पण मेस्त मागे पडत गेला. या शाळांचं नाव आता पेपरात येतं ते माध्यमाच्या भांडणात. १९९० मध्ये सरकारने ठरवलं, अनुदान हवं तर प्राथमिक शिक्षण कोकणी किंवा मराठीतून. डायोसिसच्या शाळा कोकणीकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, मोर्चे निघाले, आणि त्या शाळा इंग्रजीकडे गेल्या. पालकांचं म्हणणं आणि भाषावाल्यांचं म्हणणं, दोन्ही मला इथे परभणीत बसून ऐकू येतं. आमच्याकडेही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात उर्दू ही कचेरीची भाषा होती. राज्य गेलं आणि उर्दू शाळेतल्या पोराला 'पुढे काय करणार' हा प्रश्न चिकटला तो अजून सुटलेला नाही.

आता माझ्या शाळेचं. सहावीत एक मुलगा आहे. त्याचे अब्बा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. आमच्या भागात हे काम करणारी मुसलमानांची आणि दलितांची घरं पुष्कळ, आणि डीजे आल्यापासून त्यांची लग्नसराई अर्ध्यावर आली आहे. पोरगा माझ्या मराठीच्या तासाला बाकावर बोटं दाबत असतो, तीन बोटं, ट्रम्पेटची. सगळं कानावर. एकदा ऐकलं की वाजवतो. शाळेत एक जुनी पेटी आहे, कोणा भल्या माणसाने दिलेली. ती मी वर्गात आणली तर दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले आणि म्हणाले, ही मुसलमान पोरांची शाळा आहे की तमाशाचा फड? पेटी पुन्हा अलमारीत गेली. (अलमारीही पोर्तुगीज, चावीही.) गाणं हराम की हलाल यावर मी फतवा देणारा कोण? आलिमांमध्येच मतभेद आहेत, आणि दर फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उर्साला कव्वाली ऐकायला येणाऱ्या गर्दीत ते गृहस्थही मला दिसलेले आहेत.

अँथनींची ही सगळी गोष्ट मी त्या पोराला सांगितली. फळ्यावर पाच रेघा ओढल्या, मला येतात तेवढे चार सूर काढले. तो बघत राहिला. मग विचारलं, "सर, ये रेघावाला अपने इधर कौन सिखाता?"

मला सांगता आलं नाही. त्याच्या अब्बांकडे चौकशी केली, तर त्यांच्या बँडमध्ये एक म्हातारे क्लॅरिनेटवाले आहेत, पोलीस बँडमधून निवृत्त झालेले. त्यांना कागद वाचता येतो. इतकी वर्षं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर मी आणि तो पोरगा त्यांच्या घरी जाणार आहोत. वही त्याने आत्ताच घेतली आहे, चित्रकलेची. रेघा आम्ही घरी मारू.