सांधेरोपण, रोबोटसाहाय्यित (वऱ्हाड)

झिजलेल्या सांध्यात धातूचे व पॉलिएथिलीनचे कृत्रिम भाग बसवताना हाड कापण्याची जागा, कोन आणि खोली रोबोटच्या साहाय्याने राखण्याची शस्त्रक्रिया. वऱ्हाडात गुडघ्याला ‘टोंगळा’ म्हणतात आणि शस्त्रक्रियेला ‘वाट्या बदलणे’. प्रत्यक्षात मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या टोकांवर नवे भाग चढतात. वाटी पुष्कळदा मूळचीच राहते.

कार्यपद्धती : काही प्रणालींत आधी सीटी स्कॅन काढून पायाचा त्रिमित नकाशा करतात, काहींत शस्त्रक्रियेच्या वेळीच हाडाच्या पृष्ठावर टोकदार शलाका फिरवून तो मिळवतात. मांडीच्या व नडगीच्या हाडांत पिना रोवून त्यांवर खुणा बसवतात. कॅमेरा त्या खुणांचा माग ठेवतो, त्यामुळे पाय हलला तरी हाडाची जागा संगणकाला कळते. पाय वाकवून व सरळ करून स्नायुबंधांचा ताण मोजतात आणि त्यानुसार आराखडा सुधारतात. ‘मॅको’सारख्या प्रणालीत करवत शल्यविशारदाच्याच हाती असते; आखलेली हद्द येताच यंत्रबाहू तिला अडवतो. अशा प्रणालीत रोबोट स्वतःहून शस्त्रक्रिया करतो, हा समज चुकीचा आहे.

इतिहास : खुब्याच्या आधुनिक रोपणाचा पाया जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ च्या सुमारास घातला. खुब्याच्या रोपणासाठीचा ‘रोबोडॉक’ हा रोबोट १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे माणसावर प्रथम वापरला गेला. त्यापूर्वी कुत्र्यांवर प्रयोग झाले होते. जर्मनीत त्याचा प्रसार झाला, पुढे रुग्णांनी दावे केले व वापर ओसरला. ‘मॅको’ला संपूर्ण गुडघारोपणासाठी अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

खर्च : राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्याच्या कृत्रिम भागांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या संपूर्ण संचाची कमाल किंमत जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली. ही मर्यादा कृत्रिम भागांपुरती होती. रोबोटच्या वापराचे शुल्क तिच्या कक्षेत नव्हते.

वऱ्हाड : गरीब कुटुंबांच्या मोफत उपचारांसाठीची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता, अकोला २०१३ च्या राज्यव्यापी टप्प्यात आला. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली.  या भागात निंदण आणि कापूस वेचणी करणाऱ्या बाईचे अर्धे आयुष्य उकिडवे किंवा वाकून जाते. शस्त्रक्रियेनंतर मात्र उकिडवे व मांडी घालून बसणे सहसा टाळण्यास सांगतात. कापणी कितीही अचूक असली तरी हा सल्ला बदलत नाही. म्हणून कोणते काम सुटेल आणि कोणते चालेल, हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगणे आवश्यक ठरते.

खुबा : सिकलसेल या रक्ताच्या आजारात रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा तरुणपणीच खचू शकतो आणि तेथेही रोपणाची गरज पडू शकते.

मूल्यमापन : कृत्रिम भाग ठरल्या कोनात बसण्याची अचूकता रोबोटमुळे वाढते, यावर बरेच एकमत आहे. वेदना, चालणे आणि सांध्याचे आयुष्य यांत कायमचा फरक पडतो का, याविषयी मतभेद आहेत. पिनांच्या जागी अस्थिभंगाचा धोका विरळ असतो. गुडघा वाकू लागतो तो पुढील आठवड्यांच्या नियमित व्यायामाने. खेड्यातील रुग्णापर्यंत फिजिओथेरपी पोचवणे हा या उपचाराचाच भाग मानला पाहिजे.