खोटं बोलणारं प्रिंट स्टेटमेंट

मागच्या रविवारी मामाकडे गेलो होतो. मामाचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, त्यामुळे आमच्या गप्पा रविवारीच. त्याला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज आहे. म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या गाठी वाढत जातात आणि चाळिशी-पन्नाशीनंतर मूत्रपिंडं हळूहळू हात टेकतात. आजार आनुवंशिक. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के.

मामेबहीण पीएचडी करते आणि तिचा विषय याच आजाराच्या आसपासचा. त्या दिवशी बाईसाहेब भयंकर वैतागलेल्या. का, तर एका अँटिबॉडीने तिचे आठ महिने खाल्ले!

तर झालं असं. तिचं प्रोटीन पेशीच्या सिलियमवर बसतं असा अंदाज होता. विकत आणलेल्या अँटिबॉडीने तिथे मस्त हिरवा प्रकाश दाखवलाही. मग कोणीतरी सुचवलं म्हणून तिने ज्या पेशींतून तो जीनच काढून टाकलाय अशा पेशींवर तीच अँटिबॉडी लावली. तरीही तोच हिरवा प्रकाश! प्रोटीन नाही, पण सिग्नल आहे. मी म्हटलं, "अगं, हे म्हणजे फंक्शन कॉलच होत नाहीये आणि लॉगमध्ये मात्र 'सक्सेस' छापून येतंय." तेव्हा कुठे ती जरा हसली.

घरी येऊन दोन दिवस हेच वाचत बसलो, आणि याचा इतिहास भारीच निघाला.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींवर एक बारीकसा केस असतो. एकच, काही मायक्रोमीटर लांबीचा. हा प्रायमरी सिलियम. झिमरमान या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींवर त्याचं वर्णन केलं होतं. सोरोकिनने १९६८ मध्ये त्याला 'प्रायमरी' हे नाव दिलं. पण तो हलत नाही, काही करताना दिसत नाही, म्हणून बहुतेकांनी त्याला उत्क्रांतीतला उरलेला डेड कोड समजून सोडून दिलं. (डेड कोड बिनधास्त डिलीट करणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा!)

१९९३ मध्ये येल विद्यापीठात कोझमिन्स्की, रोझेनबॉम वगैरे मंडळींना क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शेवाळाच्या शेपटीत कण वर-खाली ये-जा करताना दिसले, अगदी लोकलसारखे. दुसरीकडे १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या एका उंदराची बातमी आली. त्याचा एक जीन बिघडला होता आणि मूत्रपिंडं गाठींनी भरली होती. सन २००० मध्ये पाझूर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शेवाळाच्या शेपटीतल्या त्या वाहतुकीचं एक प्रोटीन, आयएफटी८८, आणि या उंदराचा बिघडलेला जीन म्हणजे एकच गोष्ट. शेवाळात ते बिघडवलं तर शेपटीच उगवत नाही, आणि उंदराच्या मूत्रपिंडातले सिलिया आखूड राहतात. तो 'डेड कोड' बिघडला की मूत्रपिंड बिघडतं!

पण हे सगळं बघायचं कसं? इथे अँटिबॉडी येते. ती ठरावीक प्रोटीनला चिकटते आणि तिला चमकणारा रंग जोडला की ते प्रोटीन कुठे आहे ते दिसतं. एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये शोधली आणि १९८४ चं नोबेल मिळवलं. पुढच्याच वर्षी पिपर्नो आणि फुलर यांनी सी अर्चिनच्या शुक्राणूंच्या शेपट्या वापरून ६-११बी-१ ही अँटिबॉडी बनवली. ती अ‍ॅसिटिलेटेड ट्युब्युलिन ओळखते आणि आजही जगभर सिलिया शोधायला वापरतात. मात्र मेंदूच्या पेशींमध्ये असं ट्युब्युलिन बाकीही भरपूर असतं, मग सगळंच चमकतं. तिथे एआरएल१३बी या प्रोटीनची अँटिबॉडी बरी. याच प्रोटीनच्या बिघाडाने जुबेर सिंड्रोम होतो, हे २००८ मध्ये कळलं.

आता गंमत बघा. मामाच्या आजाराशी थेट संबंध असलेलं पॉलिसिस्टिन-२ हे प्रोटीन १९९९ मध्ये पेशीच्या आत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये दिसलं होतं. २००२ मध्ये ते सिलियावरही दिसलं. दोन्ही खरं निघालं. पण प्रत्येक वेळी असं होत नाही. २०१५ मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथून यांनी ११० सह्यांसकट 'नेचर'मध्ये लिहिलं की निकृष्ट अँटिबॉडींवर प्रचंड पैसा वाया जातोय. २०२३ मध्ये वायकॅरॉस या गटाने ६५ प्रोटीनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडी तपासल्याचं प्रसिद्ध केलं. दर प्रोटीनमागे सरासरी १२ शोधनिबंध असे सापडले, ज्यांत चालतच नाही अशी अँटिबॉडी वापरली होती.

बहिणीने आता आपली चेकलिस्ट बनवलीय. पहिली टेस्ट जीन काढलेल्या पेशींवर. ज्या कामाला वापरायची त्याच कामाला तपासायची, कारण वेस्टर्न ब्लॉटला चालणारी अँटिबॉडी सूक्ष्मदर्शकाखाली चालेलच असं नाही. पेशी फॉर्माल्डिहाइडने पक्क्या केल्या की मिथेनॉलने, यानेही निकाल बदलतो. सिलियाची अँटिबॉडी उंदराची असेल तर आपल्या प्रोटीनची सशाची घ्यायची, नाहीतर दोन रंगांची गल्लत. आणि शक्यतो रिकॉम्बिनंट घ्यायची, कारण तिचा सीक्वेन्स लिहिलेला असतो आणि बॅच बदलली तरी माल तोच राहतो.

मी विचारलं, "आठ महिने गेले याचं वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटतं ना. पण पेपर छापून झाल्यावर कळलं असतं तर?"

खरंय. टॉल्वाप्टान हे या आजाराचा वेग कमी करणारं औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. मामाच्या वेळी ते नव्हतं. पुढचं औषध कोणीतरी अशाच हिरव्या ठिपक्यांवर विश्वास ठेवून शोधणार, तेव्हा ठिपके खरे हवेत.

आईची सोनोग्राफी झालीय, ती स्वच्छ आहे, म्हणजे मी सुटलो. बहिणीने स्वतःची अजून केलेली नाही. मी विषय काढला तर म्हणाली, "करते रे, दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर मी तिच्यासोबत जाणार आहे, हे मात्र तिला सांगून आलोय.